मूत्राशय काढल्यानंतर : दुखत नाही म्हणून तपासणी थांबवू नका

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मोठे ऑपरेशन करून घरी परतलेले रुग्ण आता जिल्ह्याच्या गावीच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत. मुंबई-पुण्याला ऑपरेशन होते, पंधरा-वीस दिवसांनी रुग्ण घरी येतो, सोबत एक जाडजूड फाईल असते आणि डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत बऱ्याच सूचना लिहिलेल्या असतात. पहिले दोन-तीन महिने घरचे सगळे धावपळ करतात. पुढे जखम भरते, भूक लागते, रुग्ण दुकानात किंवा शेतावर जाऊ लागतो. मग "आता काही त्रास नाही, कशाला भाडे घालवून मुंबईला जायचे?" असा विचार घरात सुरू होतो आणि तपासणीची तारीख टळते. एकदा टळली की टळतच जाते.

या आजारात हाच विचार घातक ठरतो. ऑपरेशननंतर दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. कर्करोग पुन्हा डोके वर काढत नाही ना, ही पहिली गोष्ट. लघवीसाठी केलेला नवा मार्ग नीट चालू आहे ना आणि त्यामुळे मूत्रपिंडांना इजा होत नाही ना, ही दुसरी. पहिल्या गोष्टीची सर्वांनाच धास्ती असते. दुसरीची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. पण दोन्हींत एक साम्य आहे. सुरुवातीला दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही बंद होत नाही. म्हणून त्रासाची वाट पाहायची नाही. तारखेप्रमाणे तपासणीला जायचे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

मूत्रपिंडे म्हणजे किडन्या लघवी तयार करतात. ती दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून खाली मूत्राशयात येते. आपल्याकडे मूत्राशयालाही 'लघवीची पिशवी' म्हणतात आणि ऑपरेशननंतर पोटावर लावतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीलाही 'पिशवी'च म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात आतल्या अवयवाला मूत्राशय आणि बाहेरच्या वस्तूला पिशवी म्हणू.

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत खोल गेला असेल तर बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. पुरुषांमध्ये त्यासोबत प्रोस्टेट ग्रंथी काढतात. स्त्रियांमध्ये अनेकदा गर्भाशयही काढावे लागते. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढून तपासायला पाठवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, त्याच जातीच्या या गाठी.

मूत्राशय गेले तरी लघवी तयार होणे थांबत नाही. तिला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी प्रामुख्याने दोन पद्धती वापरतात.

पहिल्या पद्धतीत लहान आतड्याचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढतात. त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरे टोक पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडे खाली, बाहेर काढतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. लघवी त्यातून सतत थेंब थेंब येते आणि पिशवीत जमते. अमेरिकेतील सेंट लुईसचे शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. आजही ती खूप वापरली जाते.

दुसऱ्या पद्धतीत आतड्याचा लांब, साधारण ४० ते ६० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे नवे मूत्राशय शिवतात आणि ते नैसर्गिक मूत्रमार्गाला जोडतात. पोटावर पिशवी येत नाही. मात्र हे मूत्राशय आतड्याचे असल्याने ते आपोआप आकुंचन पावत नाही आणि लघवी लागल्याची नेहमीची जाणीवही देत नाही. त्याला शिकवावे लागते. आजाराचा प्रकार, किडनीची ताकद आणि वय बघून पद्धत ठरवतात. त्यामुळे "शेजाऱ्याला पिशवी नाही, मग मला का?" असे मनाला लावून घेऊ नये.

आपल्याला कोणती पद्धत केली आहे हे रुग्णाला आणि घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे. रात्री-अपरात्री गावातल्या डॉक्टरांकडे जावे लागले तर पहिला प्रश्न हाच असतो.

पहिले तीन महिने

ऑपरेशनच्या वेळी मूत्रवाहिन्यांत बारीक नळ्या ठेवलेल्या असतात. त्या साधारण एक-दोन आठवड्यांत काढतात. घरी येताना नळ्या आत आहेत की काढल्या, हे विचारून लिहून घ्यावे. विसरलेली नळी पुढे खडे आणि जंतुसंसर्ग यांचे कारण होते.

ओटीपोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यासाठी सुमारे चार आठवडे पोटाच्या कातडीत इंजेक्शने देतात. "सुया टोचून कंटाळा आला" म्हणून ती मध्येच बंद करू नयेत. दिवसभर पलंगावर पडून राहू नये. अंगणात थोडे थोडे फिरावे.

आतडे कापून जोडलेले असल्याने शौचाचे वेळापत्रक काही आठवडे बिघडलेले असते. सुरुवातीला मऊ भात, वरण, ताक असे थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. जड वस्तू उचलणे तीन महिने टाळावे. पाण्याची कळशी, धान्याचे पोते, गॅसची टाकी यांपैकी काहीही नको. स्टोमाशेजारी हर्निया होण्याची शक्यता असते आणि एकदा झाला की पिशवी नीट बसत नाही.

नवे मूत्राशय केलेल्या रुग्णांसाठी एक महत्त्वाची सूचना. पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील मीठ आणि पाणी लघवीवाटे जास्त जाऊ शकते. आपल्याकडे मोठे ऑपरेशन झाले की घरचे लोक आपल्या मनाने मीठ तोडतात. इथे ते चुकीचे ठरते. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे, पण स्वतःहून अळणी जेवण सुरू करू नये. रोज सकाळी वजन करावे. वजन झपाट्याने उतरणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर आणि गळून गेल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. "ऑपरेशनचा अशक्तपणा आहे" असे समजून टॉनिक घेत बसू नये.

पिशवीची काळजी

निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर आणि चमकदार असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही. पुसताना एखादा रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नये. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तो आकसतो. म्हणून पिशवीच्या चकतीचे भोक पुन्हा मोजून कापावे लागते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. जास्त मोठे ठेवले तर लघवी कातडीला लागून कातडी सोलवटते. फार लहान ठेवले तर स्टोमा घासला जातो.

पिशवी बदलण्याची उत्तम वेळ म्हणजे पहाटे, चहा-पाणी घेण्यापूर्वी. त्या वेळी लघवी कमी येते. साध्या कोमट पाण्याने कातडी धुवावी आणि मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावी. स्पिरिट किंवा जंतुनाशक औषध लावू नये. कातडी लाल झाली की आपल्याकडे हमखास खोबरेल तेल किंवा हळद लावतात. तेलकट कातडीवर चकती चिकटत नाही, लघवी झिरपते आणि कातडी आणखी बिघडते. चकती साधारण तीन ते पाच दिवस टिकते. उन्हाळ्यात घामामुळे लवकर सुटते. सुटू लागली की वरून चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नये. बदलावी.

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी. भरलेली पिशवी वजनाने ओढली जाऊन सुटते. रात्री मोठी पिशवी नळीने जोडून पलंगाच्या खाली टांगावी, म्हणजे झोपमोड होत नाही. लघवीत पांढरे, शेंबडासारखे धागे दिसतात. तो पू नसतो. आतड्याचा तुकडा आपला चिकट द्रव तयार करतच राहतो, त्याचे ते धागे. हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे. त्यामुळे धागे पातळ होतात आणि वासही कमी येतो. प्रवासात लघवीची पंचाईत नको म्हणून पाणी न पिणे ही सवय मात्र सोडावी. एस.टी.त बसण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि एक जादा संच हातातल्या पिशवीत ठेवावा. वरच्या फळीवरच्या ट्रंकेत ठेवू नये.

आणखी एक गोष्ट लाजेची. माझ्याकडे येणारे एक निवृत्त कंडक्टर ऑपरेशननंतर भजनाला जाईनासे झाले होते. वास येईल, आवाज येईल, लोक काय म्हणतील, हीच चिंता. त्यांच्या पत्नीने जुन्या सुती साडीचे कापड घेऊन पिशवीला बसेल असा खोळ शिवून दिला. त्यामुळे घामाने पिशवी अंगाला चिकटेना आणि सदऱ्यातून दिसेनाशी झाली. आता ते दर गुरुवारी पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसतात. पिशवी घट्ट बसलेली असेल तर वास येत नाही. अंघोळ करता येते, देवपूजा करता येते, पंगतीला बसता येते. पिशवी असलेला माणूस अस्वच्छ नसतो, हे घरच्यांनी आधी मनाशी पक्के करावे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या कर्करोग केंद्रांत स्टोमाची काळजी शिकवणारे प्रशिक्षित लोक असतात. तिथे रुग्णासोबत घरच्या एकानेही शिकून घ्यावे.

नवे मूत्राशय असेल तर

इथे घड्याळ हाच गुरू. लघवी लागण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला दर दोन ते तीन तासांनी, रात्रीही गजर लावून उठावे. बसून, पोटाला हलका दाब देऊन आणि खालचे स्नायू सैल सोडून लघवी करावी. हळूहळू अंतर चार तासांपर्यंत वाढवतात आणि मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावू लागते. दिवसा कपडे ओले होणे काही महिन्यांत बहुतेकांचे थांबते. रात्रीचे सुधारायला जास्त काळ लागतो आणि काहींना ते कायम राहते. झोपताना लंगोट किंवा पॅड वापरण्यात कमीपणा नाही.

काही जणांचे नवे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. ही अडचण स्त्रियांमध्ये अधिक दिसते. मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात आणि दाब मागे मूत्रपिंडांवर जातो. अशा रुग्णांना स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकायला भयंकर वाटते, पण आठ-दहा दिवसांत हात बसतो. मूत्राशय तुडुंब भरून पोटात अचानक जोराची कळ आली तर मात्र घरी थांबू नये.

मूत्रपिंडे : न दुखता होणारे नुकसान

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. दोन्ही पद्धतींत मूत्रवाहिन्या आतड्याला शिवलेल्या असतात. हा सांधा काही रुग्णांमध्ये हळूहळू अरुंद होतो. बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होतो, पण नंतरही होऊ शकतो. डाव्या बाजूला याचे प्रमाण जास्त असते, कारण डावी मूत्रवाहिनी आतड्याच्या मागून वळवून उजवीकडे आणावी लागते. सांधा अरुंद झाला की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि त्याचा काम करणारा भाग दाबाने पातळ होत जातो.

मुतखडा अडकला की माणूस गडबडा लोळतो, कारण अडथळा अचानक आलेला असतो. इथे अडथळा महिनोन्महिने सावकाश वाढतो, म्हणून कळ येत नाही. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळते, म्हणून पिशवीत लघवीही नेहमीइतकीच दिसते. रक्तातील क्रिएटिनिनसुद्धा बराच काळ ठीक राहू शकते. म्हणून केवळ रक्त तपासून भागत नाही. सोनोग्राफीही करावी लागते.

तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकानदार खोकल्यासाठी माझ्याकडे आले होते. छाती तपासताना पोटावरची पिशवी दिसली. शेवटची तपासणी कधी झाली, असे विचारले तर अडीच वर्षे होऊन गेली होती. "डॉक्टरसाहेब, दुखत तर काहीच नव्हतं. पहिले सगळे रिपोर्ट चांगले होते, म्हणून नाही गेलो," असे ते म्हणाले. क्रिएटिनिन थोडेसेच वाढलेले होते. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड चांगलेच फुगलेले निघाले. त्यांना त्यांच्या सर्जनकडे परत पाठवले. तिथे पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी केली आणि पुढे सांधा पुन्हा शिवला. त्या मूत्रपिंडाचे जेवढे काम वाचायचे तेवढे वाचले. गेले ते परत आले नाही. वर्षभर आधी सोनोग्राफी झाली असती तर नुकसान बरेच कमी झाले असते.

सोनोग्राफीबद्दल एक बारकावा. स्टोमा केलेल्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडे किंचित फुगलेली दिसणे नेहमीचे असते, कारण लघवी थोडी मागे जाऊ शकते. म्हणून ऑपरेशननंतरची पहिली सोनोग्राफी मूळ आधार म्हणून जपून ठेवावी आणि प्रत्येक वेळी नवा रिपोर्ट तिच्याशी ताडून पाहावा. सूज नव्याने आली किंवा वाढली, तर तिला महत्त्व द्यायचे. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नयेत, ते यासाठीच.

रक्ताच्या तपासण्या कशासाठी?

आतड्याचा स्वभाव शोषून घेण्याचा. लघवी त्याच्या संपर्कात राहिली की लघवीतले काही क्षार ते परत रक्तात ओढते आणि रक्तातील आम्लता वाढू शकते. नवे मूत्राशय असलेल्यांत, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्यांत, हे जास्त होते. थकवा, भूक मंदावणे, मळमळ आणि वजन घटणे ही त्याची लक्षणे. ती पाहून घरच्यांना कर्करोग परत आला असेच वाटते. पुष्कळदा साध्या सोड्याच्या गोळ्यांनी माणूस आठवड्याभरात ताजातवाना होतो. पण त्या रक्त तपासूनच घ्यायच्या. आम्लतेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर हाडे ठिसूळ होतात.

दुसरी तपासणी बी-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि ऑपरेशनसाठी आतडे घेतले जाते तेही त्याच परिसरातून. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता लगेच दिसत नाही. तीन ते पाच वर्षांनी हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत बी-१२ आधीच कमी असते, त्यांना हा त्रास लवकर होऊ शकतो. नसांचे नुकसान फार पुढे गेले तर ते पूर्ण भरून येत नाही. नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसा मात्र बिघडतच राहतात. वर्षातून एकदा बी-१२ तपासावे आणि कमी असल्यास इंजेक्शन घ्यावे.

लघवीच्या तपासणीबद्दल माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगावेसे वाटते. पिशवीत साठलेली लघवी तपासायला कधीही देऊ नये. त्यात जंतू सापडणारच. नमुना स्टोमातून स्वच्छ नळीने घ्यावा. आणि तसा घेतलेल्या नमुन्यात जंतू दिसले, पण ताप नाही, कंबरदुखी नाही, तर प्रतिजैविके देण्याची गरज नसते. आतड्याच्या तुकड्यात जंतूंचा वास असतोच. उगाच औषधे दिली तर खऱ्या संसर्गाच्या वेळी ती लागू पडत नाहीत. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्वरित उपचार हवेत. मधुमेही रुग्णांनी साखर रक्तावरूनच पाहावी, लघवीवरून नाही.

कर्करोगाची पाळत

हा रोग परत येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो. तो ओटीपोटात, लसिकाग्रंथींत, फुप्फुसांत, यकृतात किंवा हाडांत दिसू शकतो. म्हणून या काळात साधारण दर सहा महिन्यांनी छाती व पोटाचा सी.टी. स्कॅन करतात आणि त्यानंतर वर्षातून एकदा. ऑपरेशननंतरच्या बायोप्सीचा रिपोर्ट पाहून सर्जन हे अंतर कमी-जास्त करतात. काही रुग्णांना ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर केमोथेरपी अथवा इम्युनोथेरपी सुचवतात. ऑपरेशननंतरची केमोथेरपी शक्यतो तीन महिन्यांच्या आत सुरू करायची असते. "अंगात ताकद आल्यावर बघू" असे म्हणून ती लांबवू नये.

मूत्राशयाला आतून जे अस्तर असते तेच अस्तर मूत्रवाहिन्यांत, मूत्रपिंडाच्या पोकळीत आणि मूत्रमार्गातही असते. त्यामुळे काही थोड्या रुग्णांना तिथे नवी गाठ होऊ शकते, तीही कित्येक वर्षांनी. पाच वर्षे झाली म्हणून सुटलो असे समजू नये. पिशवीतल्या लघवीत रक्त दिसणे किंवा पिशवी असलेल्या पुरुषाच्या मूत्रमार्गातून, म्हणजे आता वापरात नसलेल्या वाटेने, रक्ताचा डाग पडणे ही लक्षणे कधीही लपवू नयेत. लवकर सापडले तर उपचाराचे मार्ग जास्त असतात. प्रत्येक वेळी रोग पूर्ण बरा होईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही, पण उशिरा सापडला तर असलेले मार्गही कमी होतात.

आणि विडी, सिगारेट? मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हेच आहे. धुरातली विषे मूत्रपिंडांवाटे लघवीत उतरतात. मूत्राशय गेले तरी बाकीचे अस्तर शिल्लक आहे. ऑपरेशननंतर विडी ओढणे म्हणजे त्या अस्तराला पुन्हा तेच विष पाजणे. खाण्याची तंबाखू आणि मिश्रीही सोडावी.

औषधे आणि संसार

गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर आणून खाऊ नयेत. त्या मूत्रपिंडांना इजा करतात. फेफऱ्यासाठी फेनिटॉइन, मानसिक आजारासाठी लिथियम किंवा सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. ही औषधे लघवीतून बाहेर पडताना आतड्यातून पुन्हा रक्तात शोषली जाऊ शकतात.

या ऑपरेशननंतर पती-पत्नीच्या संबंधांत फरक पडतो. पुरुषांमध्ये ताठरता येण्यास अडचण होते, वीर्य येत नाही. स्त्रियांना कोरडेपणा व वेदना जाणवतात. यावर गोळ्या, मलमे, इतर साधने असे उपाय आहेत. सर्वांना सारखाच गुण येईल असे नाही, पण विचारल्याशिवाय काहीच होणार नाही. दार लावून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. रुग्ण गप्प गप्प राहतो, झोपत नाही, जेवत नाही असे दिसले तर तोही आजारच समजून उपचार करावा.

हे दिसले तर तारखेची वाट पाहू नका

१. थंडी वाजून ताप किंवा कंबरेत एका बाजूला दुखणे.
२. काही तास पिशवीत लघवी न येणे किंवा नव्या मूत्राशयातून लघवी न होणे.
३. स्टोमाचा रंग काळा-जांभळा होणे किंवा तो आत ओढला जाणे.
४. लघवीत गडद लाल रक्त किंवा गुठळ्या.
५. एका पायाला सूज, छातीत दुखणे किंवा अचानक धाप.
६. पोट फुगणे, उलट्या, शौच व वायू सरणे बंद होणे.
७. पोटात अचानक तीव्र कळ.

गावात राहून काय करता येईल?

प्रत्येक तपासणीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, बी-१२ आणि सोनोग्राफी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे जन्मभर निदान वर्षातून एकदा या तपासण्या कराव्यात. रिपोर्ट सर्जनना मोबाइलवर पाठवता येतात. सी.टी. स्कॅन आणि प्रत्यक्ष भेट मात्र ते सांगतील तेव्हा चुकवू नये. स्कॅनच्या औषधाने मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली नंतरच्या कोणत्या तपासण्या व उपचार मिळू शकतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

एक साधी फाईल करावी. पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख, केलेली पद्धत, बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत आणि सर्जनचा फोन नंबर. त्यामागे तारखेप्रमाणे रिपोर्ट. फॅमिली डॉक्टरांना ती फाईल एकदा वाचायला द्यावी. पुढच्या तपासणीची तारीख आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहावी आणि ती पाहण्याचे काम घरातल्या एखाद्या तरुण माणसाकडे द्यावे. शेजारी-पाजारी असा कोणी रुग्ण असेल तर त्याला एवढेच विचारा, "शेवटची सोनोग्राफी कधी झाली?" वर्ष उलटून गेले असेल तर त्याला या आठवड्यातच डॉक्टरांकडे पाठवा.